जयमालाची तोंडी परीक्षा

"सर, जयमाला जवळ हाय का तुमच्या?"

"नाही. ती वर खोलीत आहे, मी खाली चहाला आलोय. कोण बोलतंय?"

"सोपान. तिचा भाऊ. म्हसवडवरनं." एवढं बोलून तो थांबला. मागे मेंढरं ओरडत होती आणि त्या ओरडण्याच्या वर बायकांचा आवाज चढला होता. त्या आवाजाला अर्थ विचारावा लागत नाही. "आबा गेलं, सर. आत्ता साडेपाचला. मेंढरं सोडाय उठलं आन् तितंच खाली बसलं. पाणी आणूस्तवर खेळ खलास."

जानेवारीतली सकाळ होती, सव्वासहा वाजले होते. पुण्यात स्वारगेटच्या मागच्या गल्लीतल्या एका लॉजवर आम्ही उतरलो होतो आणि त्याच्या समोरच्या टपरीवर मी उभा होतो. हातातला कप मी फळीवर ठेवला.

"मी तिला लगेच पाठवतो," मी म्हणालो. "गाडी करून देतो. साडेदहापर्यंत पोचेल ती."

"न्हाई सर. त्याच्यासाटीच फोन केलाय," सोपान म्हणाला. "तिला सांगू नगा."

या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी मिरजेत जर्मन शिकवतो. मूळचा यंत्रांचा माणूस. कारखान्यात होतो तेव्हा कंपनीने चार वर्षं जर्मनीत ठेवलं, तिथे भाषा शिकलो, आणि निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या कामात तोंड घालण्यापेक्षा बरं म्हणून क्लास काढला. मिरजेत दवाखाने भरपूर आणि नर्सिंगच्या मुली त्याहून भरपूर. तिकडे जर्मनीत म्हातारी माणसं वाढलेली आणि त्यांना उठवायला, बसवायला, गोळ्या द्यायला माणूस नाही. तेव्हा माझ्या क्लासला मरण नव्हतं. असं मी सगळ्यांना ऐटीत सांगायचो.

त्या वर्षी पाच मुलींना तिकडच्या एका रुग्णालयाने घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. मार्च संपायच्या आत भाषेच्या परीक्षेचं प्रमाणपत्र हवं. परीक्षा पुण्यात होती, सकाळी लेखी आणि दुपारी तोंडी, आणि पुढची तारीख थेट मे महिन्यातली. म्हणून मी पाचही जणींना घेऊन आदल्या दिवशीच पुण्यात आलो होतो. वेळेच्या बाबतीत मी फार कडक. क्लासला दोन मिनिटं उशीर झाला तरी मुलींना दाराबाहेर उभं करायचो, आणि त्याचा मला अभिमानही होता.

पाचांत जयमाला वीरकर सगळ्यात हुशार, असं मी म्हणणार नाही. ती सगळ्यात चिवट होती. माण तालुक्यातल्या धनगरवस्तीवरची मुलगी, वस्तीवरून नर्सिंगला आलेली पहिली. रात्रपाळी करून सकाळी सातला वर्गात यायची आणि डुलकी लागू नये म्हणून उभी राहून लिहायची. मी चिडवायचो, "जयमाला, बस आता, बाक काही तुला खात नाही." ती हसायची आणि उभीच राहायची.

तिचे वडील एकदा मिरजेला आले होते. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. वर्ग संपेपर्यंत शेवटच्या बाकावर शांत बसून राहिले. मग मला म्हणाले, "मास्तर, ही तिकडं म्हाताऱ्यांचं करणार म्हनं. त्यांना पोरं न्हाईत व्हय?"

"पोरं आहेत. लांब असतात," मी म्हणालो.

"म्हंजी आपल्यागतच की," म्हणून ते मोठ्याने हसले. जयमालाही हसली. मग त्यांनी विचारलं, तिथे थंडी किती असते, घोंगडं विमानात नेऊ देतात का. मी म्हणालो, वजनात बसलं तर देतात. त्यावर त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढून हाताने तोललं आणि म्हणाले, "बसतंय."

तो माणूस आता नव्हता, आणि त्याचा मुलगा मला सांगत होता की त्याच्या मुलीला सांगू नका.

"अरे, पण तिचे वडील आहेत ते," मी म्हणालो. "तिला तोंड नको का बघायला?"

"सर, तुमाला आमच्यातलं ठावं न्हाई." सोपानचा आवाज घोगरा झाला होता, पण तो नीट विचार करून बोलत होता. "आमचं तात्या, म्हंजी चुलतं, दोन वरसं मागं लागल्यात तिच्या लग्नासाटी. पोरगा बी बघून ठिवलाय. आबा आडवं आलं म्हणून थांबलंय. आता आबाच न्हाईत. आन् घरात मयत झालं की लग्न वरसाच्या आत उरकायचं, न्हाईतर तीन वरसं थांबायचं. तात्या तीन वरसं थांबतील व्हय? चैतात उरकून टाकतील. आज ती पेपर सोडून आली तर ती परत जात न्हाई, सर. हातात ते सर्टिफिकीट असलं तर मी भांडीन. नसलं तर मी कशाच्या जीवावर भांडू?"

मी घड्याळात बघितलं.

"पेपर कवा सुटंल?"

"तोंडी धरून तीन वाजतील."

"आन् तितनं हितं?"

"चार तास. सात वाजतील."

"सात," तो म्हणाला. त्यांच्यात दिवस बुडायच्या आत उचलतात, हे त्याने मला त्या वेळी सांगितलं नाही. "बगतो मी. धरून ठिवतो. आबांची तीच इच्छा हुती, सर, पोरगी जावी म्हणून. तुमी फकस्त तिला कळू दिऊ नगा."

फोन ठेवला. चहावर साय आली होती, तो तसाच सोडून मी वर गेलो.

पाचही जणी आवरून बसल्या होत्या. जयमाला खिडकीपाशी होती, वेणी घालून झाली होती आणि मांडीवर वही उघडी होती. मी आत आलो तशी तिने वही मिटली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि सगळ्यांना म्हणालो, "आज फोन माझ्याकडे द्या. परीक्षेला आत नेता येत नाहीतच, आणि त्यात डोकं घालून बसण्यापेक्षा उजळणी करा." हे मी आधी कधी केलं नव्हतं. रिबेका साळवे म्हणून एक मुलगी होती, जयमालाची तोंडीची जोडीदार. ती कुरकुरली, मला मम्मीला फोन करायचाय म्हणाली. मी तिला दटावलं. जयमालाने फोन माझ्या हातात ठेवला. मी तो बंद करून पिशवीत तळाशी टाकला.

मला वाटलं, झालं, जमलं. खोटं सांगायला लागू नये अशी व्यवस्था केली की माणसाला आपण खोटं बोलतोय असं वाटत नाही.

लेखी नऊला सुरू झाली. केंद्राच्या आवारात एक लाकडी बाक होता, त्यावर मी तीन तास बसलो. आता मला माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती त्या तीन तासांत माझ्या डोक्यातून हलली नाही. मी जर्मनीत असताना माझी आई सांगलीत वारली. माझ्या हाताखाली तेव्हा एका मोठ्या यंत्राची चाचणी चालू होती. घरच्यांनी ठरवलं, त्याला आत्ता सांगायचं नाही, तो एकटा आहे, घाबरेल, काम बिघडेल. तेराव्याचं उरकल्यावर भावाने फोन केला. मधल्या दिवसांत मी एकदा घरी फोन केला होता आणि आईला बोलवा म्हणालो होतो, तेव्हा वहिनी म्हणाल्या होत्या की त्या झोपल्यात. त्या भावाशी मी दोन वर्षं बोललो नाही. अजूनही आमच्यात पूर्वीसारखं काही उरलेलं नाही.

म्हणजे जगात ज्या माणसाने हे करायला नको होतं, तोच मी बाकावर बसून ते करत होतो. पण मी मनाशी घोळवत होतो की माझ्या वेळी यंत्र होतं, इथे मुलीचं आयुष्य आहे. दोन्हींत फरक आहे. तो फरक खराही होता. म्हणूनच मला त्यातून सुटता येईना.

बाराला पाच मिनिटं कमी असताना सोपानचा पुन्हा फोन आला.

"सर, तात्या ऐकंनात. भावकी सगळी गोळा झालीया. दिवस बुडायच्या आत उचलायचं म्हणत्यात, रातभर ठिवायचं न्हाई. सहाच्या म्होरं मला धरवत न्हाई." तो रडायला लागला. सकाळी तो रडला नव्हता. "आत्ता निघाली तर चारला पोचंल. तोंड बगंल. तीनला निघाली तर न्हाई बगायची. आईचं तर एकच चाललंय, माझी जया कुटं हाय. सर, माझं डोस्कं चालंना. तुमाला योग्य वाटंल तसं करा."

"तू काय म्हणतोस?"

"मी काय म्हणू? मी सकाळी म्हणलं ते म्हणलं. आता तुमीच ठरवा."

आणि त्याने फोन ठेवला. लेखी संपल्याची घंटा झाली, मुली बाहेर आल्या.

चिंचेखाली बसून त्यांनी डबे सोडले. लेखी बरी गेली होती, त्यामुळे सगळ्या एकदम बोलत होत्या. जयमालाने डबा उघडला नाही. ती नळावर गेली, तोंड धुतलं, तशीच ओल्या तोंडाने माझ्या बाकापाशी आली. तोंडीला दोन तास वीस मिनिटं होती.

"पेपर कसा गेला?" मी विचारलं.

"चांगला गेला." ती उभीच राहिली. "सर, घरून फोन आला होता का?"

इतकं सरळ ती विचारेल अशी माझी तयारी नव्हती. "नाही," मी म्हणालो. शब्द तोंडातून गेला आणि मग मला कळलं की गेला.

"माझा फोन देता का दोन मिनिटं? आबांशी बोलते. तोंडीच्या आधी बोलले की बरं वाटेल."

 मला त्या क्षणी सांगता आलं असतं. पिशवी माझ्या मांडीवर होती. गाड्या समोरच्या चौकात उभ्या होत्या. मी काय केलं, तर माझी वर्गातली थट्टेची पट्टी लावली. "तोंडी झाल्यावर बोल गं," मी म्हणालो. "आत्ता आबांशी बोललीस तर डोक्यात माणदेशी घुसेल, आणि परीक्षक बिचारे शब्दकोश शोधत बसतील."

ती हसली नाही. माझ्या तोंडाकडे तिने जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं, सर."

वीस पावलांवर जाऊन ती चिंचेच्या बुंध्याला टेकून उभी राहिली आणि ओठ हलवत उजळणी करायला लागली.

तोंडीला तिला आणि रिबेकाला विषय निघाला तो शहरात सायकलींसाठी वेगळा रस्ता असावा की नसावा हा. हे मला रिबेकाने नंतर सांगितलं. परीक्षकांनी जयमालाला चार मिनिटं बोलायला सांगितलं आणि ती साडेचार मिनिटं बोलली. सायकलीमुळे हवा कशी स्वच्छ राहते, अपघात कसे कमी होतात, लहान मुलांना शाळेत कसं सुरक्षित जाता येतं. त्यांनी विचारलं, तुम्ही स्वतः सायकल चालवता का? ती म्हणाली, नाही, आमच्याकडे चढ फार आहेत, माझे वडील चालतच सगळीकडे जातात. परीक्षक हसले. तीन आठवड्यांनी निकाल आला तेव्हा तोंडीत तिला शंभरात एक्क्याण्णव होते. माझ्या क्लासमधल्या कुणालाही तितके त्याआधी मिळाले नव्हते आणि नंतरही मिळालेले नाहीत.

तीनला बाहेर आली तेव्हा मी गाडी बोलावून ठेवली होती. बाकी चौघींना एसटीने मिरजेला जायला सांगितलं. जयमालाला बाजूला घेऊन मी ते वाक्य बोललो, जे आपल्याकडे सगळे बोलतात. "आबांची तब्येत जरा बरी नाही. सोपानने बोलावलंय. मी येतो बरोबर."

"जरा म्हणजे किती?" असं कुणीही विचारलं असतं. तिने विचारलं नाही. गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसली.

दिवे घाट गेला, सासवड गेलं. मी ठरवलं होतं की जेजुरीच्या पुढे सांगायचं. जेजुरी मागे पडली तेव्हा ठरवलं, नीरेला. नीरेला रेल्वेचं फाटक लागलं होतं, तिथे थांबावं लागलं, आणि मी ड्रायव्हरशी त्याच्या गाडीच्या ॲव्हरेजबद्दल बोलत बसलो. फलटणच्या बाहेर उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या. मी सारखा घड्याळात बघत होतो. पाच वीस. पाच पस्तीस. जन्मभर मी वेळेच्या पुढे राहण्याचा टेंभा मिरवला आणि त्या दिवशी मला नुसतं मागे पडायचं होतं.

जयमाला खिडकीबाहेर बघत होती. एकदा मी पाण्याची बाटली मागे दिली, ती तिने घेतली आणि परत दिली. आत पाणी तितकंच होतं.

मोगराळे घाट चढून वर आलो. पलीकडे माणदेश उघडा पडतो. नुसते माळ, मधूनच बाभळी, आणि त्यावर सांजेचं पिवळं ऊन. सहा वाजून गेले होते.

"दादा, जरा गाडी थांबवता?" जयमाला ड्रायव्हरला म्हणाली.

मला वाटलं तिला मळमळतंय. ती उतरली, रस्त्याच्या कडेला गेली आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. मी मागोमाग उतरलो. सूर्य आमच्या पाठीशी होता, डोंगराला टेकलेला. ती मात्र समोर बघत होती, म्हसवडच्या दिशेने. तिने हात जोडले, डोळे मिटले नाहीत. सूर्य पुरता जाईपर्यंत ती तशीच उभी होती.

"उचललं असंल आता," ती म्हणाली.

मी तिच्या बाजूला येऊन उभा राहिलो.

"तुला कधी कळलं?"

"सकाळी सहाला. चुलतभावानं स्टेटस ठेवला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. आबांचा तो पटक्यातला फोटो." तिचा आवाज वॉर्डात रिपोर्ट सांगताना असायचा तसा सपाट होता. "पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाचा असेल. मग मोठा करून बघितला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही खाली फोनवर होता, ते मी खिडकीतून बघितलं. तुम्ही कप ठेवला तेव्हाच मला कळलं की सोपाननं सांगितलं तुम्हाला." ती थांबली. "मी ठरवलं, सर वर येतील. सरांनी सांगितलं तर जायचं. नाही सांगितलं तर पेपर द्यायचा."

"जयमाला..."

"मला माझं मी ठरवता येईना, सर. गेले तर चैत्रात लग्न. राहिले तर बाप मेल्यावर पेपर देत बसली म्हणतील, आणि मीच मला म्हणेन. मग तुमच्यावर टाकलं. सकाळी तुम्ही बोलला नाहीत. दुपारी परत विचारून बघितलं." तिने चपला पायात घातल्या. "आबांशी बोलते म्हणाले तेव्हा मला वाटलं, आता तरी सर सांगतील. सांगितलं असतं तर मी धावत गेले असते हो. खरंच गेले असते."

मी तिची माफी मागितली. तिने ती ऐकली, पण घेतली की नाही ते कळलं नाही. मग ती माझ्याकडे वळली आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलला.

"सर, घरी सांगू नका, मला माहीत होतं म्हणून. आई माझं तोंड बघणार नाही. सोपानला पण नको. तुम्ही लपवलं, एवढंच राहू दे."

"राहू दे," मी म्हणालो. तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

सात वाजून गेल्यावर वस्तीवर पोचलो. माणसं नदीवरून परतली होती, अंगणात पुरुष ओल्या डोक्यांनी बसले होते. सोपान भिंतीला टेकून उभा होता. डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. सकाळी फोनवर जो एवढं नीट बोलला होता तो तिथे एक शब्द बोलू शकला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. तात्या बाजेवर बसले होते. त्यांना मी फक्त पाठमोरं बघितलं.

आत आबांना जिथे ठेवलं होतं तिथे जमिनीवर पीठ पसरून दिवा लावला होता. दिव्याच्या पलीकडे आई बसली होती, हात उघडे, कपाळ पुसलेलं. तिला धरून दोन बायका होत्या. जयमाला उंबऱ्यात दिसली तशी एक म्हातारी आत्या उठली आणि तिच्यावर न जाता थेट माझ्यावर आली.

"ह्योच तो मास्तर! लेकीला बापाचं तोंड बगू दिलं न्हाई! परीक्षा म्हनं! तुज्या घरात कदी कुनी मेलं न्हाई व्हय रं?"

मी उभा राहिलो. अंगणातले सगळे माझ्याकडे बघत होते, आणि कुणाला थांबवावंसं वाटलं नाही. मलाही नाही. आत्याने आणखी बरंच म्हटलं. पुण्याची गाडी परत गेली होती. मिरजेची गाडी मिळेपर्यंत मला तिथेच बसायचं होतं, आणि कुणी मला पाणी विचारलं नाही. ते योग्यच होतं.

जयमाला आईपुढे जाऊन गुडघ्यांवर बसली. आईने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि दिव्याच्या उजेडात वर केलं. आई रडत नव्हती. दिवसभर रडून रडून तिचा आवाज फक्त हवेचा उरला होता.

"जया," ती म्हणाली, "सकाळधरनं आमी तुजी वाट बगतूय. समदी म्हणत्यात पोरीला कुनी सांगितलंच न्हाई. बरं, न सांगू दे. पर तुजं तुला कायबी वाटलं न्हाई व्हय गं? बाप गेला आन् तुज्या मनात पालसुदिक चुकचुकली न्हाई?"

 मी दाराबाहेर होतो, तिथून मला जयमालाची पाठ आणि तिची सकाळी खिडकीपाशी घातलेली वेणी दिसत होती.

"न्हाई, आये," ती म्हणाली. "कायबी वाटलं न्हाई."

आईचे हात तिच्या तोंडावरून खाली आले. ते तिने स्वतःच्या मांडीवर ठेवले आणि परत उचलले नाहीत. तेव्हा जयमाला रडायला लागली.